हिरामणचा रविवार

"परत," बाबा म्हणाले.

मागच्या अंगणात ते बटाट्याच्या पालथ्या खोक्यावर बसले होते. डाव्या हातात हायरमचा जुना चामडी ग्लव्ह, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात ऑफिसचाच शर्ट. जेवणं होऊन गेली होती तरी उजेड हटत नव्हता. आमच्याकडे जुलैत असंच होई. ऊन निघून जाई, पण उजेड रेंगाळत राही, निघालेला पाहुणा दारात उभा राहून बोलत राहतो तसा. शेजारच्या शेतातून नुकत्याच कापलेल्या अल्फाल्फा गवताचा वास येत होता. स्प्रिंकलर टिकटिक करत फिरत होता. कुंपणापाशी उभ्या असलेल्या हायरमने पुन्हा एकदा हात मागे नेला.

चेंडू सुटलेला मला दिसला. मग तो हवेत नुसता असल्यासारखा झाला, पुढे जायचं की नाही ते ठरवत. तो बाबांच्या ग्लव्हमध्ये पडला तेव्हा आवाजसुद्धा उशिरा आला असं मला वाटलं.

"बरा होता," बाबा म्हणाले. "पण हातानं आधीच चुगली केली. हात पूर्ण जोरात यायला हवा आणि चेंडू मागे राहायला हवा. समोरच्याला हातानं खोटं सांगायचं."

"मला खोटं बोलायची बंदी आहे, ब्रदर हर्डीकर."

"तुला आहे. हाताला नाही."

हायरम हसला आणि चेंडू झेलायला पुढे आला. मी पायरीवर बसून पुस्तक वाचत होते, म्हणजे वाचायचं सोडून हे बघत होते. मी चौदा वर्षांची होते. बाबांना मी त्याआधी कधी कुठलाच चेंडू हातात धरताना पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यातली. आम्ही आयडाहोच्या दक्षिण भागात, स्नेक नदीकाठच्या एका छोट्या गावात राहत होतो. बाबा तिथल्या शेतकी संशोधन केंद्रात बटाट्यावरच्या रोगांचा अभ्यास करत. गावाला व्यावसायिक बेसबॉलचा एक संघ होता, पण तो अगदी तळच्या पायरीवरचा. मोठे क्लब आपली नवी मुलं अशा गावांत पाठवत आणि त्यांतली जमतील तेवढी वर उचलत. बाकीची घरी जात. त्या मुलांना पगार इतका कमी असे की संघाचे लोक उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरोघर विचारत यायचे, एखादी खोली रिकामी आहे का म्हणून. बाबांनी आईला न विचारता हो म्हणून टाकलं.

"हॉटेल आहे का हे?" आई म्हणाली.

"मिरजेला मॅचेस असायच्या तेव्हा बाहेरगावचे खेळाडू घरोघरच उतरायचे. मीही लोकांच्या घरी उतरलोय." एवढं बोलून बाबा थांबले, आणि त्या विषयावर त्यांनी आणखी काही सांगितलं नाही.

तर असा हायरम सोरेनसेन आमच्याकडे आला. एक बॅग, हँगरवर एक काळा सूट आणि बुटांच्या दोन जोड्या. तो बावीस वर्षांचा होता, युटामधल्या एका खोऱ्यातला, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा. वडिलांचा गाईंचा गोठा होता. पहिल्याच दिवशी आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्याने अगदी नम्रपणे तो परत सरकवला. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही. आई दोन दिवस घुश्शात होती. दारू, सिगारेट न चालणं तिला समजत होतं, पण चहानं कुणाचं काय वाकडं केलं हे तिला कळेना. शेवटी तिने खिडकीतल्या कुंडीतला गवती चहा तोडला, आलं घालून उकळला, त्यात चहाची पावडर नाही हे त्याला झाकण उघडून दाखवलं, आणि मग तिचा जीव शांत झाला. तो तिला 'सिस्टर हर्डीकर' म्हणायचा, कारण त्यांच्या चर्चमध्ये सगळ्यांना ब्रदर-सिस्टरच म्हणतात. "मी याच्या आईच्या वयाची, बहीण कुठली?" असं म्हणत आईने त्याचं हिरामण करून टाकलं. तोही त्या नावाला ओ द्यायला लागला.

हायरमची अडचण वेगळीच होती. एकोणिसाव्या वर्षी त्याचा चेंडू इतका वेगवान होता की एका मोठ्या क्लबने त्याला करारावर घेतलं. आणि त्याच वर्षी तो, त्यांच्यातली बरीच मुलं जातात तसा, दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला गेला. चिलीच्या दक्षिण भागात, जिथे सारखा पाऊस पडतो. पांढरा शर्ट, टाय, सायकल आणि दारोदार फिरणं. त्या दोन वर्षांत घरी यायचं नाही. फोन करायचा तो नाताळला आणि मातृदिनाला. चेंडूला त्याने हात लावला नाही. परत आला तेव्हा क्लब वाट बघत होता, पण हातातला वेग गेला होता.

"देवानं ठेवून घेतला, बिशप," संघातली मुलं म्हणायची. "व्याजासकट परत मागून घे." बिशप हे त्यांनी ठेवलेलं नाव. तो शिव्या देत नसे म्हणून त्याच्यासमोर मुद्दाम जास्त शिव्या देत, आणि मग माफीही मागत. तो हसत असे. पण संध्याकाळी अंगणात एकटाच कुंपणावर चेंडू फेकत राही, आणि त्या फेकण्यात हसू नसे.

एक दिवस बाबा मागचं दार उघडून बाहेर गेले. त्याच्या हातातला चेंडू मागून घेतला, त्याच्या शिवणीवर बोटं फिरवली आणि म्हणाले, "जोर गेला असेल तर जाऊ दे. हळू टाकायला शिक."

तेव्हापासून रोज हे चालू होतं. मनगट कसं वळवायचं, चेंडू बोटांनी न धरता तळव्यात कसा लपवायचा. यातली मनगटाची विद्या लेगस्पिनरची होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसे की ऑफिसातून थकून आलेला माझा बाप त्या खोक्यावर बसला की वेगळाच कुणीतरी होतो. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे.

रविवारी हायरम खेळत नसे. तो दिवस देवाचा. काळा सूट घालून तो चर्चमध्ये जाई, दुपारी आमच्या बैठकीत बसून घरच्यांना आठवत असल्यासारखा खिडकीबाहेर बघत राही. संघाचे कोच डुगन त्याला सांभाळून घेत. पण जुलै संपताना त्यांनी त्याला बाजूला घेतलं. मोठ्या क्लबचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता, एकाच मॅचसाठी, आणि ती मॅच रविवारी होती. त्यानंतर खेळाडूंची यादी कापली जाणार होती. रविवारी चेंडू टाकलास तर टाकलास, नाहीतर सामान बांध, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. वाईट वाटत असल्यासारखं सांगितलं, पण सांगितलं.

त्या संध्याकाळी हायरमने आमच्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून वडिलांना फोन लावला. फोनची वायर लांब होती. ती ओढत तो जिन्याखाली जाऊन बसला. मला फक्त त्याचीच बाजू ऐकू येत होती, आणि ती बहुतेक शांतताच होती. मध्येच तो हसला. "हो," तो म्हणाला, "गाईंना रविवार कळत नाही."

फोन ठेवल्यावर त्याने आम्हाला सांगितलं की वडील काहीच ठरवून देत नाहीत. ते स्वतः रविवारीही दूध काढतात, कारण कासेत दूध येतं ते वार बघून येत नाही. पण तुझा चेंडू म्हणजे गाय आहे का, ते तूच बघ, असं ते म्हणाले. उपास कर, प्रार्थना कर आणि तुझं तू ठरव.

त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. ही मॅच नेमकी त्याच रविवारी होती. शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर हायरमने आईला सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत तो काही खाणार नाही.

सकाळी मी खाली आले तर घरभर तुपा-जिऱ्याचा वास होता. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. पांढरीशुभ्र, मोकळी, वर खोबरं, कोथिंबीर. हायरम काळ्या सुटात जिन्यावरून उतरला. तिने ताटली त्याच्यापुढे ठेवली.

"सिस्टर हर्डीकर, माझा आज उपास आहे."

"माहीत आहे. उपासाचंच आहे."

त्याने ताटलीकडे पाहिलं. मग आईकडे, मग माझ्याकडे. "उपास म्हणजे काही खायचं नाही ना?"

"रोजचं खायचं नाही," आई म्हणाली. "हे चालतं. साबुदाणा चालतो, दाणे चालतात, बटाटा चालतो."

"बटाटासुद्धा चालतो?"

"म्हणून तर आम्ही आयडाहोत येऊन राहिलो," पेपरामागून बाबा म्हणाले.

हायरमने समजावलं की त्यांच्यात काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. आई म्हणाली, निर्जळी आमच्यातही असते, पण ती बायका करतात, आणि करून दुपारच्या उन्हात चेंडू टाकायला जात नाहीत. ती रागावली नव्हती, घाबरली होती. त्याने तिचा हात हातात घेऊन थोपटला. खिचडी तिने स्टीलच्या डब्यात भरली. "संध्याकाळी सोडशील ना? मग हिच्यावर सोड."

दारातून जाताना मी त्याला विचारलं, खेळणार का.

"रात्री विचारलं," तो म्हणाला. विचारलं म्हणजे कुणाला ते मला कळलं. "नाही असं उत्तर आलं नाही." त्याने खेळाची बॅग आपल्या जुन्या गाडीत टाकली. चर्चमधून तो परस्पर मैदानावर जाणार होता.

तो गेल्यावर थोड्या वेळाने फोन वाजला.

बाबांनी उचलला. मी समोरच होते. ते बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "हो." मग पुन्हा, "हो, मॅडम. तसंच करतो." फोन ठेवल्यावरही त्यांचा हात त्यावरच राहिला.

हायरमच्या आईचा फोन होता. वडील, ओरिन, पहाटे दूध काढताना गोठ्यात कोसळले होते. हृदय. त्यांना युटातल्या प्रोव्होच्या हॉस्पिटलात नेलं होतं. शुद्धीवर होते, पण डॉक्टर काही खात्रीचं बोलत नव्हते. आणि तिचं एकच मागणं होतं. हायरमला मॅच संपेपर्यंत सांगू नका. ओरिनचंच तसं म्हणणं आहे, त्याला खेळू दे.

आई खुर्चीवर बसली. बाबा उभेच होते.

"मी हो म्हणालोय," ते म्हणाले.

"मग बरोबरच आहे. त्याची आई सांगतेय. आपण कोण मध्ये पडणारे?"

"कोणी नाही."

आईने जेवायला वाढलं. बाबांनी पान सरकवलं आणि भूक नाही म्हणाले. मग वर जाऊन बराच वेळ खाली आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं आणि शर्ट बदलला होता. ऑफिसच्या कार्यक्रमाला घालायचा तो.

मैदान नदीजवळ होतं. लाकडी बाकं, मागे सिल्व्हर पॉपलरची रांग, आणि त्यांची पानं वाऱ्याने एकदम सगळी पांढरी होत आणि मग पुन्हा हिरवी. ऊन इतकं होतं की समोरच्या टेकड्या पाण्यातून पाहिल्यासारख्या हलत होत्या. मोठ्या क्लबचा माणूस घातलेल्या टोपीवरूनच ओळखू येत होता. तो आमच्यापासून दोन ओळी खाली, एकटाच बसला होता.

हायरम मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर चढला. रविवारी तिथे उभं राहायची त्याची ती पहिलीच वेळ. त्याने टोपी काढली, घाम पुसला की प्रार्थना केली कोण जाणे, आणि पुन्हा घातली.

त्यानंतर जे झालं ते मला अजून झोपेत दिसतं. त्याचा हात पूर्ण जोरात येई, समोरचा मुलगा बॅट फिरवी, आणि चेंडू तेव्हा अर्ध्या वाटेतच असे. रिकाम्या हवेतून बॅट फिरून गेल्यावर मग तो सावकाश येई, कॅचरच्या हातात उतरून बसे. एकेक करून मुलं येत, तशीच फिरत, आपल्याच पायांत अडखळत, आणि मान हलवत परत जात. कुणी ओरडत नव्हतं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. दोन ओळी खालचा माणूस पुढे वाकून बसला होता. पॉपलर पांढरे होत होते, हिरवे होत होते. मला वाटलं, हा उन्हाळा आता संपणारच नाही.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. बोटं चेंडूभोवती धरल्यासारखी वळलेली. चेहरा असा, की मी पटकन मान फिरवली.

नऊपैकी तिसरा डाव संपला आणि आमची मुलं आत परतू लागली, तेव्हा बाबा उठले.

"कुठे निघालात?" आई म्हणाली.

"निरोप द्यायला."

"अहो, तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय," बाबा म्हणाले, आणि बाकांमधून खाली उतरत गेले.

मी त्यांच्या मागे धावले. कठड्यापाशी जाऊन त्यांनी हायरमला हाक मारली. तो घामाने निथळत होता, ओठ कोरडे पडले होते, पण चेहरा उजळलेला. त्याला वाटलं, ते शाबासकी द्यायला आलेत. "हात खोटं बोलला, ब्रदर हर्डीकर," तो म्हणाला.

बाबांनी त्याला सांगितलं. थोडक्या शब्दांत, काही न वगळता. त्याच्या आईने न सांगायला सांगितलं होतं, हेही सांगितलं.

हायरमने हातातला चेंडू बघितला. मग कोच डुगनकडे जाऊन तो त्यांच्या हातात ठेवला. डुगन कठड्याशी आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "डॉक, मोठ्या क्लबचा माणूस बसलाय तिथे. तासभर थांबता आलं नसतं?"

"आलं असतं," बाबा म्हणाले. "म्हणूनच आलो."

विमान वगैरे कुठलं नव्हतंच. प्रोव्होपर्यंत चार-साडेचार तासांची वाट. हायरम बाबांच्या शेजारी बसला, संघाच्या कपड्यांत, पायांत खिळ्यांचे बूट. मागे आई आणि मी. आईच्या मांडीवर डबा.

गव्हाची पिवळी शेतं सरकत होती, मग नुसते राखी डोंगर. माझे डोळे मिटत होते, उघडत होते. केव्हातरी हायरमचा आवाज आला.

"मी आज खेळायला नको होतं."

"तुझे वडील पहाटे पडले," बाबा म्हणाले. "तेव्हा तू झोपला होतास. चेंडू तू दुपारी टाकलास. दुपारच्या गोष्टीनं पहाटेचं काही होत नाही. मी शास्त्रज्ञ आहे, एवढं तरी मला कळतं."

बाबांनी काच थोडी खाली केली. वाऱ्याचा आवाज भरून आला, आणि त्या आवाजात ते बोलायला लागले. मी डोळे मिटून पडले होते. मला वाटतं, आम्ही दोघी झोपलो आहोत असंच ते धरून चालले होते.

ते एकवीस वर्षांचे होते. सोलापूरला निवडीची मॅच होती. तिच्यातून राज्याचा संघ निवडणार होते. खेळाडू घरोघर उतरलेले. बाबा बिराजदार नावाच्या वकिलांकडे होते. वकिलांना क्रिकेटचं वेड, बाबांवर फार जीव. स्वतःच्या हाताने त्यांना ज्वारीची भाकरी वाढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेहून एक माणूस निरोप घेऊन आला. बाबांचे वडील एकाएकी आजारी पडले होते, लगेच या. बाबा मैदानावर गेले होते. वकिलांनी त्या माणसाला बसवलं, जेवू घातलं, आणि ठरवलं की पोराचा दिवस आहे, संध्याकाळी सांगू.

"मग?" हायरमने विचारलं.

"मग मी आयुष्यात टाकली नव्हती तशी बोलिंग टाकली. त्यांच्यातलं कुणी टिकलं नाही. संध्याकाळी वकिलांनी हार घातला. मी हार घालून त्यांच्याबरोबर टांग्यातून घरी आलो. मग त्यांनी मला सांगितलं. रात्रभर गाडीत होतो. पोचलो तेव्हा भाऊ अस्थी गोळा करायला निघाला होता. दुपारच्या गाडीला बसलो असतो तर वडील भेटले असते. ते माझं नाव घेत होते म्हणे."

गाडीची चाकं रस्त्याच्या जोडांवरून टकटक करत गेली.

"वकिलांचा राग आला असेल."

"नाही ना आला. तीच तर अडचण. त्यांनी प्रेमानंच ठेवून घेतला होता निरोप. आज सकाळी तुझी आई बोलत होती ना, तेव्हा मला त्यांचाच आवाज ऐकू येत होता." मग ते म्हणाले, "चेंडू मी वाटेल तितका मागे ठेवीन. हे मला जमलं नाही. तुझं मी आज मोठं नुकसान केलं असेल, हायरम. मला ते माहीत आहे."

माझ्या शेजारी आईने पदर तोंडाला लावला होता. तिलाही हे ठाऊक नव्हतं. बाबांनी निवडीनंतर क्रिकेट सोडलं एवढंच तिला माहीत होतं. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

उजव्या हाताला मोठं खारं सरोवर लागलं. पाणी दिसत नव्हतं, नुसता उजेड पसरलेला, आणि त्यावर डोंगर तरंगत होते, खाली काही आधार नसल्यासारखे. सूर्य त्यांच्या मागे उतरायला लागला होता.

"आता संध्याकाळ झाली ना रे, हिरामण?" आई म्हणाली.

"झाली, सिस्टर हर्डीकर."

तिने डबा उघडला. खिचडी गार होऊन गोळा झाली होती. हायरमने मान खाली घालून मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि पहिला घास घेतला. मग डबा बाबांपुढे धरला. "तुम्हीही सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

"तुला कुणी सांगितलं?"

"कळतं."

बाबांनी एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने घास घेतला. माझ्या आठवणीत त्यांनी कधी उपास केला नव्हता. चतुर्थीला आईची ते थट्टा करत. त्या दिवशी मात्र त्यांनी तो धरला होता आणि आता सोडत होते, हे मला नीट समजलं.

हॉस्पिटलच्या फरशीवर हायरमच्या बुटांचे खिळे वाजायला लागले. तो थांबला, वाकून त्याने बूट काढले, हातात घेतले, आणि मोज्यांवर चालत गेला. देवळात गेल्यासारखा, असं आई नंतर म्हणाली. आम्ही दारातच राहिलो. पलंगावर नळ्यांमध्ये एक मोठ्या हाडाचा माणूस होता. त्याने डोळे उघडले, मुलाचे मातीने माखलेले कपडे पाहिले.

"संपली मॅच?"

हायरमने बूट खाली ठेवले. "नाही," तो म्हणाला. "चालू आहे."

ओरिन हसले. हायरमची आई उठून बाबांकडे आली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने बाबांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

ओरिन मंगळवारी सकाळी गेले. रात्रभर दोघं बोलत होते, असं हायरमने नंतर बाबांना सांगितलं. काय, ते सांगितलं नाही. क्लबने त्याला त्याच महिन्यात मोकळं केलं. त्याने गोठा सांभाळायला घेतला. पुढे दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्याचा फोन येई. दोघं हवामान बोलत, गाई बोलत, बटाट्यावरची कीड बोलत. त्या दिवसाबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. बाबांनी पुन्हा चेंडू हातात धरला नाही, पण खोका अंगणातून हलवूही दिला नाही.

आमच्या घरात त्यानंतर एक रीत पडली. ती कुणी बोलून ठरवली नव्हती. परीक्षा असो, कुणाचं लग्न असो, मध्यरात्र असो, बातमी आली की ती ज्याची त्याला लगेच पोचवायची.

मागच्या वर्षी मार्चमध्ये बाबा गेले. दहाव्या की अकराव्या दिवशी हायरम आला. आता तो पन्नाशीच्या पुढचा आहे, केस पांढरे, तोच काळा सूट किंवा तसाच दुसरा. हातात फॉइलने झाकलेलं भांडं. त्यांच्यात मयताच्या घरी बटाट्यांचा, चीज-क्रीम घालून भाजलेला एक पदार्थ घेऊन जातात. भांडं बघून आईला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "त्यांनी आधी कीड आहे का ते बघितलं असतं," ती म्हणाली, आणि मग रडली.

मी आणि हायरम मागच्या पायरीवर बसलो. अंगणात बर्फ वितळत होता. खोका होता तिथेच होता, फळ्या काळ्या पडलेल्या.

"तू पोचलीस का?" त्याने विचारलं. बाकी काही नाही.

पोचले, म्हटलं. मी मिनियापोलिसला वर्गात शिकवत होते. अर्धं वाक्य फळ्यावर होतं. आईचा फोन आला, मी खडू ठेवला आणि निघाले. संध्याकाळपर्यंत इथे होते. बाबांचा हात चादरीवर होता, बोटं वळलेली. मी त्यांत माझी बोटं घातली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखलं.

"काय म्हणाले?"

"विचारलं, तास संपला का म्हणून."

हायरम माझ्याकडे बघत राहिला.

"मी म्हटलं, नाही बाबा. चालू आहे."